पेशी विभाजन: दहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पेशी विभाजन येतं, अकरावीच्या जीवशास्त्रात तेच जरा तपशिलात येतं आणि नीटचा क्लास लावला की तिसऱ्यांदा येतं. तरी पुण्यातली मुलं प्रॅक्टिकलला बसली की प्रश्न तेच. ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही, पण गुणसूत्रं मोजण्याचा प्रश्न गाळू नका. निम्मे घोटाळे तिथेच सुटतात.

दोन्ही विभाजनांतला फरक एका वाक्यात सांगता येईल का?

येईल. सूत्री विभाजनात, म्हणजे मायटोसिसमध्ये, प्रत्येक गुणसूत्र पेशीच्या मध्यावर एकेकटं उभं राहतं. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या, म्हणजे मिओसिसच्या, पहिल्या फेरीत ती जोडीजोडीने उभी राहतात. शेवटी पेशी दोन की चार, गुणसूत्रं तेवढीच की निम्मी, जन्यपेशी सारख्या की वेगवेगळ्या, हे सगळं त्यातूनच निघतं. फरकाचा तक्ता पाठ करणाऱ्याला दहा मुद्दे लक्षात ठेवावे लागतात. हे एक चित्र डोक्यात पक्कं असेल तर तक्ता पेपर लिहितानाच तयार होतो.

शरीरात कुठे कोणतं विभाजन चालतं?

सूत्री विभाजन जवळपास सगळीकडे: त्वचा, आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, झाडाच्या मुळाचं आणि कोंबाचं टोक. अर्धगुणसूत्री विभाजन मात्र ठरलेल्या जागीच. माणसात वृषण आणि अंडाशय, फुलात परागकोश आणि बीजांड. बाकी कुठेही नाही.

प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला साधारण २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. तांबडी पेशी स्वतः मात्र विभागत नाही, कारण तयार होता होता ती आपलं केंद्रकच बाहेर टाकते. सुमारे १२० दिवस काम करते आणि संपते. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशीही विभागत नाहीत, म्हणूनच तिथली इजा सहजासहजी भरून येत नाही.

विभाजन चालू नसतं तेव्हा पेशी विश्रांती घेते का?

नाही. जुन्या गाइडांमध्ये "विश्रांती अवस्था" असा शब्द अजून सापडतो, त्याकडे दुर्लक्ष करा. दोन विभाजनांमधल्या काळाला इंटरफेज म्हणतात आणि पेशीची खरी मेहनत तेव्हाच चालते. जी-१ मध्ये पेशी वाढते, एस टप्प्यात डीएनएची दुसरी प्रत तयार होते, जी-२ मध्ये प्रथिनं आणि इतर सामानाची तयारी होते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं असतं. त्यातलं प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचं.

समजात गुणसूत्रं आणि अर्धगुणसूत्रं यांत दरवेळी गोंधळ होतो. काय करू?

अप्पा बळवंत चौकात एकाच विषयाची दोन वेगळ्या प्रकाशनांची गाइडं घेतलीत, तर धडे तेच, क्रमही तोच, मजकूर मात्र थोडा इकडेतिकडे. ही झाली समजात गुणसूत्रांची जोडी: एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. आता त्यातल्या एका गाइडची झेरॉक्स काढून मूळ प्रत आणि झेरॉक्स एकाच पिनेत अडकवलीत, तर ती दोन अर्धगुणसूत्रं. मजकूर अक्षरशः एकच. ती पीन म्हणजे गुणसूत्रबिंदू.

समजात गुणसूत्रं पेशीत कायम असतात, पण एरवी एकमेकांकडे बघतही नाहीत. ती शोधत शोधत शेजारी येतात ती फक्त मिओसिसमध्ये. अर्धगुणसूत्रं मात्र डीएनएची प्रत झाल्यापासून ती सुटेपर्यंतच असतात.

गुणसूत्रं मोजायची कशी? माणसात ४६ की ९२?

एकच नियम: गुणसूत्रबिंदू मोजा. जितके बिंदू तितकी गुणसूत्रं. इंग्रजी एक्ससारखं दिसणारं, दोन अर्धगुणसूत्रांचं गुणसूत्रसुद्धा एकच, कारण बिंदू एकच.

हे कांद्यावर करून बघू, कारण कांद्यात १६ गुणसूत्रं असतात आणि आकडे आवाक्यात राहतात. मुळाच्या पेशीत सुरुवातीला १६ गुणसूत्रं. एस टप्प्यात डीएनए दुप्पट झाला, पण बिंदू अजून १६, म्हणून गुणसूत्रं १६च, अर्धगुणसूत्रं ३२. पूर्वावस्था, मध्यावस्था इथपर्यंत हेच आकडे. पश्चावस्थेत बिंदू सुटले की त्याच क्षणी पेशीत ३२ गुणसूत्रं झाली. पेशी दुभागली की प्रत्येकीत १६.

आता कांद्याच्या फुलात, परागकोशातली पेशी घ्या. सुरुवात तीच: १६ गुणसूत्रं, ३२ अर्धगुणसूत्रं. त्यांच्या ८ जोड्या लागतात. पहिल्या पश्चावस्थेत बिंदू सुटत नाहीत, जोड्या सुटतात. म्हणून पेशीत एकूण आकडा १६च राहतो, एका ध्रुवाकडे ८ जातात आणि दुसऱ्याकडे ८. या आठातलं प्रत्येक गुणसूत्र अजून दुहेरीच आहे. संख्या इथे निम्मी झाली, पहिल्याच फेरीत. दुसऱ्या फेरीआधी डीएनएची प्रत निघत नाही. दुसऱ्या पश्चावस्थेत बिंदू सुटतात, आठाचे क्षणभर सोळा होतात आणि पेशी दुभागल्यावर पुन्हा ८.

"मिओसिस २ मध्ये संख्या निम्मी होते" हे वाक्य उत्तरपत्रिकांमध्ये इतकं दिसतं की तपासणाऱ्याला आता त्याचं काही वाटेनासं झालं असेल. तिथे डीएनएचं प्रमाण निम्मं होतं, गुणसूत्रांची संख्या नाही.

माणसाकडे वळायचं तर ४६ गुणसूत्रं, मध्यावस्थेत ९२ अर्धगुणसूत्रं, सूत्री पश्चावस्थेत ९२ गुणसूत्रं, युग्मकात, म्हणजे शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत, २३. आणि मोजताना घोळ होतोय म्हणून वाईट वाटून घेऊ नका. माणसात ४८ गुणसूत्रं असतात असं शास्त्रज्ञच तीसेक वर्षं मानत होते. १९५६ मध्ये जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ४६ हा आकडा प्रसिद्ध केला. पेशी सौम्य द्रावणात फुगवून गुणसूत्रं एकमेकांपासून दूर पसरवली, म्हणून ती नीट मोजता आली. तोवर सगळे एकावर एक पडलेल्या गुंत्यात बोट ठेवून मोजत होते.

सूत्री विभाजनाच्या चार अवस्था ओळखायच्या कशा?

नावांच्या मागे लागण्यापेक्षा स्लाइडवर काय दिसतं ते बघा.

पूर्वावस्थेत केंद्रकाचा गुळगुळीत गोळा जाऊन आत लोकरीचा गुंडा असल्यासारखे धागे दिसू लागतात. केंद्रकी नाहीशी होते, केंद्रकावरणही विरत जातं. मध्यावस्थेत सगळी गुणसूत्रं पेशीच्या मधोमध एका पट्ट्यात येतात. गुणसूत्रं सर्वांत आखूड आणि ठळक इथेच, म्हणून मोजणी इथेच करतात. पश्चावस्था सर्वांत थोडा वेळ टिकते. दोन गट विरुद्ध ध्रुवांकडे निघालेले असतात आणि गुणसूत्रांची टोकं मागे लोंबत असतात, म्हणून प्रत्येक गट केळीच्या घडासारखा दिसतो. अंत्यावस्थेत दोन टोकांना दोन गडद गोळे, गुणसूत्रं सैल होऊ लागलेली, भोवती नवीन आवरण.

हे सगळं प्रथम बारकाईने रेखाटलं वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने. सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवून त्याने चित्रं काढली. १८८२ मध्ये त्याचा ग्रंथ आला. मेलेल्या, रंगवलेल्या, एकाच जागी गोठलेल्या पेशी बघून कोणती अवस्था आधीची आणि कोणती नंतरची हे लावणं सोपं काम नव्हतं.

गुणसूत्रांना ओढतं कोण?

तर्कुतंतू. ते ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्यांचे असतात. एक टोक ध्रुवाकडे, दुसरं गुणसूत्रबिंदूला चिकटलेलं. पश्चावस्थेत ही नळी टोकाकडून सुटी होत आखूड होते आणि गुणसूत्र तिच्याबरोबर सरकतं. वेग मिनिटाला साधारण एक मायक्रोमीटर. त्याआधी पेशी थांबून खात्री करते: एखादं जरी गुणसूत्र दोन्ही बाजूंच्या तंतूंना नीट जोडलेलं नसेल, तरी बाकी सगळ्यांनी वाट बघायची.

हे तंतू तयार होऊच दिले नाहीत तर? मग पेशी मध्यावस्थेत अडकते. नेमकं हेच करणारं एक रसायन आपल्या सह्याद्रीत उगवतं. पावसाळ्यात सिंहगड-मुळशीच्या बाजूला कुंपणांवर चढलेली, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांची कळलावी पाहिली असेल. पानाचं टोक वळून तणावा झालेलं असतं, त्यानेच ती आधार धरते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. ते ट्युब्युलिनला पकडून ठेवतं, नळ्या बनत नाहीत. जीवशास्त्रज्ञांना हे सोयीचं: गुणसूत्रं मोजायला मध्यावस्थेत अडकलेल्या भरपूर पेशी मिळतात. त्जिओ आणि लेव्हान यांनीही कोल्चिसिन वापरलं होतं. पिकांत गुणसूत्रं दुप्पट करायलाही ते वापरतात, कारण प्रती निघाल्या पण वाटणी झालीच नाही तर सगळी गुणसूत्रं एकाच पेशीत राहतात. कळलावी अत्यंत विषारी आहे, फोटो काढा आणि पुढे चला.

सोसायटीच्या कुंपणाशी असलेली सदाफुलीही याच प्रकारचं काम करते. तिच्यापासून मिळणारी व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं तर्कुतंतू बनू देत नाहीत, म्हणून कर्करोगाच्या पेशींचं विभाजन अडतं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन आजही दिलं जातं. म्हणून पानं चावत बसायचं नाही. औषध शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

वनस्पती आणि प्राणी यांच्या विभाजनात काय फरक?

केंद्रकाची वाटणी, म्हणजे प्रकलविभाजन, दोन्हीकडे तेच. फरक परिकलविभाजनात, म्हणजे बाकीच्या पेशीच्या वाटणीत. प्राणिपेशी बाहेरून आत खाच पडत दुभागते. वनस्पतिपेशीला टणक पेशीभित्तिका असल्यामुळे तिला असं चिमटता येत नाही, म्हणून मधोमध पेशीपटल तयार होऊन ते कडांकडे वाढत जातं. शिवाय कांद्यासारख्या वनस्पतींत ताराकेंद्र नसतं, तरी तर्कुतंतू बनतात. कांद्याच्या आकृतीत ताराकेंद्र काढू नका.

आधी डीएनए दुप्पट करायचा आणि मग दोनदा वाटायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ एकदाच निम्मं का करत नाही?

हा प्रश्न विचारणारी मुलं मला आवडतात. उत्तर असं की दुप्पट होणं इथे उपयोगी पडतं. जोडी वेळेआधी सुटू नये म्हणून ती बांधून ठेवावी लागते. बांधणी होते ती क्रॉसिंग ओव्हरने: आईकडच्या गुणसूत्राचं एक अर्धगुणसूत्र आणि वडिलांकडच्याचं एक, यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते. पण प्रत्येक अर्धगुणसूत्र आपल्या जुळ्या प्रतीला लांबीभर चिकटलेलंही असतं. त्यामुळे अदलाबदल झालेल्या जागी गाठ पडल्यासारखं होतं आणि चारही धागे एकत्र राहतात. जुळी प्रतच नसती, तर ही गाठ टिकली नसती.

पहिल्या फेरीत गुणसूत्रांच्या बाहूंवरची, म्हणजे बिंदूपासून दूरची, चिकटपट्टी तोडली जाते आणि जोड्या सुटतात. बिंदूजवळची मात्र तशीच राहते, कारण शुगोशिन नावाचं प्रथिन तिचं रक्षण करतं. दुसऱ्या फेरीत ते रक्षण उठतं आणि अर्धगुणसूत्रं सुटतात. दोन फेऱ्या, दोन वेगळी कामं. मिओसिसची दुसरी फेरी दिसायला सूत्री विभाजनासारखी असते असं म्हणतात ते यामुळेच.

पूर्वावस्था १ चे पाच उपटप्पे पाठ करावेच लागतात का?

दहावीला नाही. अकरावी-बारावी आणि नीटला हो. लेप्टोटीनमध्ये धागे दिसू लागतात, झायगोटीनमध्ये जोड्या लागतात, पॅकिटीनमध्ये क्रॉसिंग ओव्हर, डिप्लोटीनमध्ये जोड्या दूर सरतात पण गाठी दिसतात, डायकायनेसिसमध्ये गाठी टोकांकडे सरकतात आणि आवरण विरतं. यातला पॅकिटीन परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आणि डिप्लोटीन जास्त मजेशीर. मुलीच्या अंडाशयातल्या भावी अंडपेशी तिच्या जन्माआधीच डिप्लोटीनपर्यंत येऊन थांबतात आणि वयात आल्यावर दर महिन्याला त्यांतली साधारण एक पुढे सरकते. म्हणजे चाळिसाव्या वर्षी सुटलेली अंडपेशी चाळीस वर्षांहून जास्त काळ त्याच टप्प्यावर थांबलेली असते.

सख्खी भावंडं एकसारखी का नसतात?

पहिल्या मध्यावस्थेत प्रत्येक जोडीतलं आईकडचं गुणसूत्र कुठल्या बाजूला आणि वडिलांकडचं कुठल्या, हे प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे ठरवते. २३ जोड्या म्हणजे २३ वेळा दोन पर्याय: ८३,८८,६०८ प्रकारची युग्मकं, एकाच माणसाकडून. दुसऱ्या पालकाकडूनही तितकीच. दोन्हींचा गुणाकार ७० लाख कोटींच्या घरात जातो. यात क्रॉसिंग ओव्हर अजून धरलेलंच नाही; ते धरलं की मोजदादच सोडून द्यावी. क्रॉसिंग ओव्हरमध्ये गुणसूत्राचे तुकडे खरोखरच बदलतात, हे १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यावर दाखवून दिलं.

एकसारखी जुळी मुलं याला अपवाद, कारण ती एकाच युग्मनजाचे, म्हणजे फलित अंडपेशीचे, दोन भाग होऊन बनतात आणि पुढचं सगळं काम सूत्री विभाजनाचं.

मिओसिसमधून नेहमी चार पेशी मिळतात का?

शुक्रपेशी आणि परागकण यांच्या बाबतीत हो, चारही उपयोगी. अंडपेशीच्या बाबतीत नाही. तिथे वाटणी मुद्दाम असमान होते: जवळपास सगळं जीवद्रव्य एका पेशीला, बाकीच्यांना फक्त गुणसूत्रं आणि नाममात्र जीवद्रव्य. या छोट्या ध्रुवपेशी विरून जातात. शिवाय माणसात दुसरी फेरी शुक्रपेशी आत शिरल्यावरच पूर्ण होते.

जास्त गुणसूत्रं म्हणजे जास्त प्रगत जीव का?

अजिबात नाही. आपल्या भीमाशंकरच्या जंगलात फिरणारं भेकर घ्या. मादीत फक्त ६ गुणसूत्रं, नरात ७. सस्तन प्राण्यांमध्ये एवढी कमी गुणसूत्रं जवळपास कुणाचीच नाहीत. कुत्र्यात ७८. आणि ऑफिओग्लॉसम नावाच्या बोटभर नेच्याच्या एका जातीत बाराशेच्या वर.

घरातलंच उदाहरण हवं तर गहू. पोळीच्या नेहमीच्या गव्हात ४२ गुणसूत्रं, खपली आणि बन्सी गव्हात २८. पोळीच्या गव्हात तीन वेगवेगळ्या पूर्वजांचे संच एकत्र आले आहेत, खपली-बन्सीत दोन. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेने या तिन्ही गव्हांचे वाण तयार केले आहेत. खपली आणि पोळीच्या गव्हाचा संकर केला तर त्या संकरातल्या बऱ्याच गुणसूत्रांना मिओसिसमध्ये जोडीदार मिळत नाही आणि बी धड धरत नाही. वाण तयार करणाऱ्याला ही अडचण रोजची.

केळ्यात बी का नसतं?

याच कारणामुळे. आपण खातो त्या केळ्यात ११ गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३. दोघांची जोडी लागते, तिघांची कशी लावायची? मिओसिस बिघडतं, चालण्याजोगी युग्मकं बनत नाहीत, बी धरत नाही. केळं कापल्यावर मधे दिसणारे काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडं. त्यामुळे केळीची लागवड मुनव्यांपासून किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांपासून, दोन्हीकडे फक्त सूत्री विभाजन. म्हणूनच जी-नाइन या केळीच्या वाणाच्या अख्ख्या बागेतली झाडं जनुकीयदृष्ट्या जवळपास एकच असतात. एखादा रोग एका झाडाला लागला, तर दुसऱ्याकडे वेगळा बचाव नसतो.

खेचराचंही तसंच. घोड्यात ६४, गाढवात ६२, खेचरात ६३.

डाऊन सिंड्रोमचा मिओसिसशी काय संबंध?

मिओसिसमध्ये २१ व्या गुणसूत्राची जोडी, किंवा पुढे त्याची अर्धगुणसूत्रं, सुटली नाहीत तर एका युग्मकात दोन प्रती जातात. दुसऱ्या पालकाची एक मिळून बाळात तीन होतात, एकूण ४७. जेरोम लेजन आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये हे प्रसिद्ध केलं. ही चूक बहुतेक वेळा अंडपेशी तयार होताना होते आणि आईच्या वयाबरोबर तिची शक्यता वाढते. वर सांगितलेला डिप्लोटीनमधला लांबलचक मुक्काम आठवा. आई-वडिलांनी काही केल्यामुळे किंवा न केल्यामुळे हे होत नाही.

कर्करोग म्हणजे वेगाने चालणारं सूत्री विभाजन का?

वेगाने असेलच असं नाही, न थांबणारं. निरोगी पेशी पुढच्या टप्प्यात जाण्याआधी तपासणी करते: डीएनए शाबूत आहे का, प्रत पूर्ण झाली का, तंतू जोडले गेले का. या नियंत्रणाच्या जनुकांमध्ये बिघाड साचत गेले की पेशी "थांब" हा निरोप ऐकेनाशी होते. नियंत्रणाची यंत्रणा शोधल्याबद्दल लेलंड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चं नोबेल मिळालं. केमोथेरपीत केस गळतात त्याचं कारणही इथेच आहे. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी सतत विभागतात, आणि औषधाला त्या आणि कर्करोगाच्या पेशी यांत भेद करता येत नाही.

जिवाणूंमध्ये मायटोसिस होतं का?

नाही. केंद्रक नाही, तर्कुतंतू नाहीत. ते सरळ द्विविभाजन करतात. परिस्थिती उत्तम असेल तर ई. कोलाय दर २० मिनिटांनी.

कांद्याच्या मुळाची स्लाइड नीट का येत नाही?

बहुतेक वेळा मुळाचा चुकीचा भाग घेतलेला असतो. विभाजन चालतं ते टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच. सुरुवातीपासून सांगतो.

नुकताच शेतातून आलेला कांदा मुळं धरायला वेळ लावतो, साठवणीतला बरा. जुनी वाळकी मुळं ब्लेडने खरवडून काढा आणि कांदा पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर असा बसवा की बूड पाण्याला जेमतेम टेकेल. पाणी रोज बदला, नाहीतर कुजतं. मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की सकाळच्या वेळी टोकं कापा आणि एक भाग ग्लेशियल अॅसेटिक आम्ल, तीन भाग अल्कोहोल या मिश्रणात २४ तास ठेवा. पेशी ज्या अवस्थेत असतील तिथेच गोठतात.

मग टोक काचपट्टीवर घ्या, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब आणि अॅसिटोकार्मिनचे दोन-तीन थेंब टाका, स्पिरिटच्या दिव्यावरून हलकेच गरम करा. उकळू द्यायचं नाही. पट्टी हाताच्या मागच्या बाजूला सोसवेल इतपतच. टोकाचा बारीकसा भाग गडद लाल होईल. तो ठेवा, मागचा फिकट भाग कापून टाका. कव्हरस्लिप ठेवा, वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा घसरला की पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया. नीट दाबलं तर गडद ठिपका पसरून फिकट गुलाबी ढग होतो.

सूक्ष्मदर्शकात आधी १० एक्सवर चौकोनी, गच्च बसलेल्या पेशी शोधा. लांबट, रिकाम्या दिसणाऱ्या पेशी आल्या तर तुम्ही टोकाच्या मागे आहात. मग ४५ एक्सवर जा. अॅसेटिक आम्ल आणि दिवा दोन्ही असल्यामुळे हा प्रयोग घरी नको, प्रयोगशाळेतच करा.

स्लाइडवर सगळ्या पेशी सारख्याच दिसतात, पश्चावस्था सापडतच नाही. स्लाइड बिघडली का?

नाही, बरोबर आली आहे. बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच असतात. जी अवस्था जास्त वेळ टिकते तिच्यातल्या पेशी जास्त दिसतात, म्हणून विभागणाऱ्या पेशींत पूर्वावस्था भरपूर आणि पश्चावस्था क्वचित. वहीत ओळखीच्या अवस्थांची संख्या लिहून ठेवा; परीक्षकाने विचारलं तर कोणत्या टप्प्याला किती वेळ लागतो याचा अंदाज तुम्ही स्वतःच्या स्लाइडवरून सांगू शकता.

मिओसिसची स्लाइड करता येते का?

येते, पण हंगाम सांभाळावा लागतो. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला थंडी सरता सरता डेंगळे येतात. त्यांच्या गोंड्यातल्या अगदी लहान, न उमललेल्या कळ्या लागतात. कळीतला परागकोश सुईने काढून अॅसिटोकार्मिनमध्ये ठेचायचा. पिवळे पराग दिसले तर उशीर झाला, आणखी लहान कळी घ्या. एकाच गोंड्यात वेगवेगळ्या वयाच्या कळ्या असतात, त्यामुळे चिकाटी धरली तर एकात तरी आठ जोड्या मोजता येतात.

आकृतीत गुण कुठे जातात?

चार गुणसूत्रांची पेशी काढा: एक लांब जोडी, एक आखूड. प्रत्येक जोडीतलं एक भरीव, एक पोकळ. गुण जातात ते मध्यावस्थेत केंद्रकावरण काढल्यामुळे, तर्कुतंतू बिंदूपर्यंत न पोचल्यामुळे आणि क्रॉसिंग ओव्हरनंतर टोकांचे रंग न बदलल्यामुळे. पहिल्या मध्यावस्थेत गुणसूत्रं एकाच ओळीत काढली, तर ती आकृती सूत्री विभाजनाची झाली.

पुण्यात हे काम प्रत्यक्ष कुठे चालतं?

विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे; तिथल्या संग्रहातून देशभरातल्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरवल्या जातात. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे, तिथेही पेशींवर संशोधन चालतं. एरवी आत सोडत नाहीत, पण २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास शहरातल्या अनेक संशोधन संस्था विद्यार्थ्यांना प्रवेश देतात. तारखा दरवर्षी बदलतात आणि गर्दी भरपूर असते, तेव्हा शाळेतर्फे आधी विचारून जा.